दिव्यांग प्रौढांसाठी आपल्या गावात कलावर्ग कसा सुरू करावा

विशेष शाळा असते तोवर सकाळी रिक्षा येते, डबा भरला जातो, गॅदरिंगला नाच बसवला जातो. लक्षणीय (म्हणजे किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्यांना कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत दिला आहे. त्यानंतर शहरात असाल तर एखादी संरक्षित कार्यशाळा मिळते. तिथे पाकिटं चिकटवायची, उटण्याच्या पुड्या भरायच्या, दिवाळीआधी पणत्या रंगवायच्या. गावात असाल तर घर आणि घरातला टीव्ही. पंचविशीतली, चाळिशीतली, पन्नाशीतली कितीतरी माणसं अशी वर्षानुवर्षं बसून आहेत. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं असं सगळ्यांना वाटतं, पण नक्की काय आणि कसं, याची माहिती मराठीत फार कमी सापडते. म्हणून हा लेख.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल आहे. दिव्यांगांना कलेत सहभागी होता यावं म्हणून कलाविषयांचे अभ्यासक्रम नव्याने आखावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे असा वर्ग काढणं ही कोणावरची दया नाही. ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे जागा मागायला जाल तेव्हा अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा. त्याने बोलण्याचा सूर बदलतो.

आधी हे ठरवा: हा वर्ग कशासाठी?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालतात. एक म्हणजे उपचार: त्यात तज्ज्ञ असतो, उद्दिष्टं असतात, नोंदी असतात. दुसरी म्हणजे उत्पादन: विकण्यासाठी एकसारख्या वस्तू बनवणं. तिसरी म्हणजे कलाशिक्षण, आणि इथे मी त्याबद्दलच लिहिते आहे. पहिल्या दोन्हींना आपापली जागा आहे. पण वर्ग कलेचा असेल तर काय काढायचं, कोणत्या रंगात काढायचं आणि कुठे थांबायचं हे ती व्यक्ती ठरवते. पुढचं सगळं, अगदी टेबलाची उंचीसुद्धा, या एका गोष्टीसाठी आहे.

अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये १९७४ साली फ्लोरेन्स लुडिन्स-काट्झ आणि एलायस काट्झ या दाम्पत्याने क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचा स्टुडिओ सुरू केला. दिव्यांग प्रौढांना तिथे साहित्य, जागा आणि काम करणाऱ्या कलावंतांची सोबत मिळते. जुडिथ स्कॉट तिथे १९८७ मध्ये आली. तिला डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हतं, आणि आयुष्याची पस्तीसेक वर्षं तिने संस्थांमध्ये काढली होती. जवळजवळ दोन वर्षं चित्रकलेत तिचं मन रमलं नाही. मग धाग्यांचं काम शिकवणाऱ्या एका कलावंताच्या वर्गात ती बसली आणि हाताला लागेल ती वस्तू सूत, लोकर, चिंध्यांनी गुंडाळत तिने मोठाली शिल्पं घडवली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. मला या हकिकतीत तिच्या प्रसिद्धीपेक्षा ती दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. तिला काही येत नाही म्हणून कोणी तिला घरी पाठवलं नाही, आणि साहित्य बदलून पाहायची तयारी ठेवली.

माणसं कशी शोधायची

जाहिरात लावून फारसं कोणी येत नाही. जवळच्या विशेष शाळेत जा आणि माजी विद्यार्थ्यांच्या पालकांपर्यंत निरोप पोहोचवायला सांगा. आशाताईंना विचारा, कोणत्या घरात कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांची नोंद असते. युडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, शिबिर भरतं तिथे अर्धा दिवस बसलात तरी ओळखी होतात.

सुरुवातीला सहा ते आठ जण पुरेत आणि त्यांच्यासोबत दोन-तीन मदतनीस हवेत. वेगवेगळ्या प्रकारचं दिव्यांगत्व असलेली माणसं एकत्र बसली तर चालतं, उलट छान चालतं. फक्त ज्यांना पूर्णवेळ शेजारी माणूस लागतो असे दोनपेक्षा जास्त जण पहिल्या तुकडीत घेऊ नका.

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या घरी एकदा जाऊन या आणि त्या व्यक्तीशी बोला, आईवडिलांशी नंतर. वहीच्या एका पानावर मावेल एवढीच माहिती लिहून घ्या: हात कोणता चालतो, फिट येते का, औषधं कधी, शौचालयात मदत लागते का आणि कोणाची चालते, कोणता आवाज किंवा वास सहन होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही व्यक्ती ‘नको’ कसं म्हणते? कोणी मान फिरवतं, कोणी उठून दाराकडे जातं, कोणी हसतं आणि ते हसणं नकाराचं असतं. हे मदतनिसांना ठाऊक नसेल तर नकार रोज तुडवला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, वाचनालयाची खोली, शाळेचा शनिवारी दुपारी रिकामा असणारा वर्ग, गणेशोत्सव मंडळाचा हॉल, काहीही चालेल, पण तळमजला हवा. रॅम्पचा हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. दीड फुटाचा ओटा असेल तर अठरा फुटांचा रॅम्प. बहुतेक ठिकाणी जागा नाही म्हणून चार-पाच फुटांची घसरगुंडी बांधतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलताना मागच्याचा आणि बसलेल्याचा दोघांचाही जीव मुठीत असतो. तेवढी जागा नसेल तर दुसरी खोली शोधा. दार किमान ऐंशी सेंटिमीटर, शक्य तर नव्वद.

खोली पाहायला जाल तेव्हा आधी शौचालय बघा. कमोड आहे का, व्हीलचेअर आत वळते का, कडी बाहेरून उघडता येते का. शौचालय नीट नसलं की माणसं पाणी प्यायची बंद होतात आणि महिन्याभरात यायचीही बंद होतात, कारण मात्र कोणी सांगत नाही. बायका तर नाहीच.

येणं-जाणं ही खरी अडचण आहे. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण घरापासून थांब्यापर्यंत कोण नेणार? ओळखीचा एक रिक्षावाला बांधून घ्या आणि एका रस्त्यावरच्या तिघांना एकत्र आणा. खर्चाचा अंदाज काढताना रंगांच्या आधी रिक्षाचं भाडं लिहा.

दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, दीड तास. महिन्यातून एकदा पाच तास घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

साहित्य: थोडं घ्या, चांगलं घ्या

कार्टूनची रंगवायची पुस्तकं आणू नका. चाळिशीच्या गृहस्थासमोर सशाचं चित्र ठेवून ‘रंग बाहेर नको हं जाऊ’ म्हणणं त्यांचा अपमान आहे. भेट म्हणून आलेली असली पुस्तकं बालवाडीला देऊन टाका.

सुरुवातीला एवढं पुरे: जाड कार्ट्रिज कागद, तपकिरी कागदाचा रोल, कोळसा, तेलखडू, पोस्टर कलरच्या पाच बाटल्या म्हणजे लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा, रुंद आणि मध्यम ब्रश, शाडूची माती, लोकर, जुन्या साड्यांच्या पट्ट्या, चिकटपट्टी आणि डिंक. पाचच रंग असले की बाकीचे मिसळून बनवावे लागतात, आणि तिथेच बरंच शिकणं होतं. पिवळ्यात निळा पडून हिरवा उमटतो तेव्हा मोठी माणसंही मान वर करून शेजाऱ्याला दाखवतात.

साहित्य हाताला जुळवून घ्यावं लागतं. ब्रशची दांडी बारीक असते, मूठ वळत नसेल तर ती निसटते. एसीच्या पाइपवर चढवतात ते काळं फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. त्याचा चार इंचांचा तुकडा दांडीवर सरकवा. सायकलच्या हँडलची मूठही बसते. बोटं अजिबात मिटत नसतील तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात ब्रश खोचा. कागद चारही कडांनी चिकटपट्टीने फळीला चिकटवा, फळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे ती सरकत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्यांना बऱ्याचदा सपाट टेबलापेक्षा उतरती फळी बरी पडते. पोथीच्या व्यासपीठासारखी एक सुताराकडून करून घ्या. टेबलाखाली गुडघे जायला सत्तर सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर व्हीलचेअर आत शिरते, नाहीतर माणूस हातभर लांबून वाकून काम करतो आणि पंधरा मिनिटांत दमतो. पाणी उथळ, जड बुडाच्या वाटीत द्या. प्लास्टिकचा ग्लास हमखास सांडतो.

वस्तू तोंडात घालायची सवय असलेल्या व्यक्तीसाठी मातीऐवजी कणीक मळा, त्यात हळद किंवा बिटाचा रस. मीठ जरा जास्त घातलं की ती टिकतेही आणि कोणाला फारशी खाववतही नाही.

दीड तास कसा घालवायचा

पहिली दहा मिनिटं यायची, टेकायची, पाणी प्यायची. मग आज काय आहे ते दाखवायचं, सांगत बसायचं नाही. तीन फोटो भिंतीवर ओळीने लावा: काम, चहा, चित्रं बघणं. एक टप्पा झाला की त्याचा फोटो भिंतीवरून उतरवा. स्वमग्न व्यक्तींना याचा फार आधार वाटतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनाच वाटतो.

मग निवड. पहिल्या दिवशी दोनच पर्याय: कोळसा की माती? दोन्ही वस्तू प्रत्यक्ष समोर ठेवा आणि थांबा. इथे घाई होते. दहा सेकंद गप्प बसणं शिकवणाऱ्याला जड जातं, मग तो स्वतःच एक वस्तू पुढे सरकवतो आणि निवड संपते. मनात वीसपर्यंत मोजा. ज्यांनी आयुष्यभर ताटात येईल ते खाल्लंय, अंगावर चढवतील ते घातलंय, त्यांना हात पुढे करायला वेळ लागतो. आमच्या वर्गातल्या एक ताई कितीतरी शनिवार दोन्ही वस्तूंकडे न बघता माझ्याच तोंडाकडे बघायच्या, मला काय हवंय याचा अंदाज घेत. मी खिडकीकडे बघायला लागले तेव्हा कुठे त्यांचा हात लोकरीकडे गेला.

कामाला चाळीस-पन्नास मिनिटं द्या. एका वेळी एकच तंत्र शिकवा आणि तेच तीन-चार आठवडे चालू ठेवा. पहिल्या महिन्यात मोठ्या कागदावर रेषा: कोळशाने, उभं राहून, अख्खा हात फिरवत. मग माती. मग ठसे, जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून तुकडे कापून त्यांचे साचे फार सुंदर उमटतात. मग कापड आणि धागा. गोधडी शिवलेली एखादी आजी गावात असेलच, तिला चार वेळा बोलवा. साध्या धावदोऱ्याने दोन पट्ट्या जोडणं ज्यांना जमतं अशी माणसं तुमच्या वर्गात निघतातच. वारलीचं रेखाटन शिकवायचं असेल तर ते वारली शिकवणाऱ्याकडूनच शिकवा. त्रिकोण-वर्तुळाच्या त्या भाषेला सोपी म्हणून वापरून टाकू नये. जिव्या सोमा मशे यांचं काम छापील का होईना आधी सगळ्यांना दाखवा.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं चित्रं भिंतीला लावून बघा. ‘छान छान’ म्हणून टाळ्या वाजवू नका. जे दिसतंय ते बोला: इथे काळा रंग दोनदा फिरलाय, हा कोपरा मोकळा ठेवलाय. मग विचारा, पुढच्या वेळी यावरच काम करायचं की नवा कागद? यातून एक सवय लागते: कालचं काम आज पुढे नेता येतं. हौशी वर्ग आणि शिक्षण यांतला फरक मला तरी याच सवयीत दिसतो.

हात कुठपर्यंत लावायचा

मदतनिसांसाठी नियम एकच: त्यांच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही. ब्रश धुवून द्या, कागद फिरवून द्या, कोपर उशीवर टेकवून द्या, बाटली उघडून द्या. पण रेषा सरळ करू नका, राहिलेलं आभाळ भरू नका, डोळे काढून देऊ नका. हात धरून गिरवून घेणं तर नकोच. त्याने चित्र दिसायला बरं होतं, पण ते धरणाऱ्याचं असतं.

शारीरिक हालचाल जवळजवळ नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचे हात लागतातच. तिथे मदतनीस हाताचं काम करतो आणि निर्णय त्या व्यक्तीचे राहतात. डोळ्यांनी होकार, पापणी मिटून नकार ठरवून घ्या. हा रंग? इथे? अजून खाली? बस? एका चित्राला महिना लागेल, लागू द्या. तोंडाने किंवा पायाने रंगवणाऱ्या चित्रकारांचीही मोठी परंपरा आहे, त्यामुळे हात चालत नाही एवढ्यावरून ब्रश दुसऱ्याकडे देऊन टाकू नका. आधी बाकीचे मार्ग पाहा.

काही खास गोष्टी

अंध व्यक्ती आली की आपल्याकडे पेटी-तबला पुढे केला जातो. संगीत हवं असेल तर जरूर, पण विचारून. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी पन्नाशीत शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रं केली, मेणाची शिल्पं केली, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात सिरॅमिक टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं. तुमच्या वर्गात माती, दोरा, कापड, कापलेला कागद अंध व्यक्तीसाठी पहिल्या दिवसापासून हवा. रेषा हाताला लागावी असं वाटत असेल तर लोकर डिंकाने चिकटवा किंवा कापडावर वापरतात तो थ्रीडी आउटलायनर कागदावर फिरवून रात्रभर वाळू द्या. बाटल्यांना रबरबँड लावा: एक म्हणजे लाल, दोन म्हणजे पिवळा. साहित्याच्या जागा कधीही बदलू नका. अंधुक दिसणाऱ्यांसाठी काळ्या कागदावर पांढरा किंवा पिवळा रंग.

कर्णबधिर व्यक्ती असेल तर खिडकीकडे पाठ करून बोलू नका, चेहऱ्यावर अंधार येतो. हात रंगाने भरलेले असताना खुणा करता येत नाहीत आणि समोरचा काम करत असताना त्याला खुणा दिसत नाहीत, म्हणून आधी दाखवा, मग काम. भारतीय सांकेतिक भाषेतल्या पन्नास-साठ खुणा वर्गातल्या सगळ्यांनीच शिकाव्यात.

स्वमग्न व्यक्तीला एकच आकार शंभर वेळा काढावासा वाटला तर काढू द्या. मोडता घालण्याऐवजी कागदाचा आकार बदलून बघा, रंग बदलून बघा. पंख्याचा खडखडाट, ट्यूबलाइटचं लुकलुकणं, डिंकाचा उग्र वास यांनी माणूस बेचैन होतो; भिंतीकडे तोंड केलेलं एक शांत टेबल कायम ठेवा. मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांचा हात थरथरतो, तोंड कोरडं पडतं, दुपारी झापड येते. पाण्याची बाटली जवळ ठेवा. कोणी टेबलावर डोकं टेकून झोपलं तर झोपू द्या, वर्गातून उठवून पाठवू नका.

सुरक्षितता

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचं सामान हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा, चप्पल, लोखंड हुंगवायला कोणी धावलं तर थांबवा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन. ही कृती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे लावा.

एका मदतनिसाने एका सभासदासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. स्त्रियांना शौचालयात मदत स्त्रीनेच करायची. नवीन मदतनीस घेताना ओळखीवर जाऊ नका, आधीच्या ठिकाणी फोन करून विचारा. आणि एखादी व्यक्ती कोणापासून लांब सरकते आहे असं दिसलं तर ते दुर्लक्षून चालणार नाही. बोलता न येणाऱ्यांची तक्रार अशीच दिसते.

घरचे लोक

आई वर्गात बसली की बहुतेकांचा हात आखडतो. तिला बाहेरच्या खोलीत चहा द्या. कितीतरी वर्षांत तिला दीड तास मोकळा मिळालेला नसतो, आणि बाहेर बसलेल्या आयांच्या गप्पांतून निरामय या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्याचा अर्ज कसा भरायचा, अठरानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक समितीकडे कसं जायचं, ही माहिती आपोआप फिरते. ‘याने घरी नेण्यासारखं काहीच केलं नाही’ अशी तक्रार येईल. त्यांना फक्त शेवटचं चित्र दाखवू नका, तीन महिन्यांची सगळी ओळीने मांडून दाखवा. म्हणूनच प्रत्येक कागदाच्या मागे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा, आणि प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवा.

पैसा

ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. वैयक्तिक साहित्य आणि मदतीतच तो बराचसा संपतो, पण वर्गासाठी भाडं, रॅम्प, रिक्षाखर्च यांचा लेखी प्रस्ताव द्यायला काहीच हरकत नाही. अंदाजपत्रक ठरण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच द्या. शक्य असेल त्यांच्याकडून थोडी फी घ्या. शिकवणाऱ्या कलावंताला मानधन द्या. फुकटच्या उत्साहावर वर्ग दोन-तीन महिने चालतो, मग शिकवणारी व्यक्ती बदलत राहते आणि त्याचा त्रास सभासदांना होतो.

प्रदर्शन आणि विक्री

वर्षभरानंतर चित्रं लोकांसमोर ठेवा. गणेशोत्सवाच्या मंडपात गर्दी आयती मिळते, पण तिथे कोणी थांबून बघत नाही. वाचनालयाची भिंत किंवा गावातलं एखादं कलादालन मला जास्त पटतं. चित्रं नीट फ्रेममध्ये किंवा निदान पांढऱ्या माउंटवर लावा आणि डोळ्यांच्या उंचीला, पण व्हीलचेअरवरून दिसतील अशी, म्हणजे नेहमीपेक्षा जरा खाली. चित्राखाली कलावंताचं नाव, माध्यम, वर्ष. दिव्यांगत्वाचा प्रकार लिहू नका. उद्घाटनाला पाहुण्यांची भाषणं दहा मिनिटांत आटपा आणि त्यात ‘देवाघरची मुलं’ असा शब्द येणार नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

फोटो काढण्याआधी आणि चित्र विकण्याआधी त्या व्यक्तीचा होकार घ्या, मग पालकांचा. एखादं चित्र द्यायचं नसेल तर ते विक्रीला नाही, मोठा गिऱ्हाईक असला तरी नाही. चित्राचा प्रताधिकार काढणाऱ्याचा असतो, त्यामुळे कॅलेंडर किंवा ग्रीटिंगवर छापायचं तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. स्वतःच्या पैशांचे व्यवहार सांभाळण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ ने दिव्यांगांना इतरांइतकाच दिलेला आहे. विक्रीची रक्कम त्यांच्या नावाच्या बँक खात्यात जमा करा. साहित्यासाठी वर्ग काही हिस्सा ठेवणार असेल तर किती ते प्रदर्शनाआधी लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. पासबुकात नोंद झाली की ते पान त्यांना उघडून दाखवा, आणि यातून काय घ्यायचं हे त्यांनाच विचारा.